निर्णय घेण्याआधी किती कप?

गुरुग्राममध्ये फ्लॅट बघायला गेलात की किंमत नंतर कळते, कॉफी आधी येते. द्वारका एक्सप्रेसवेच्या बाजूला बिल्डरांची जी चकाचक सेल्स ऑफिसं आहेत, तिथे थंडगार एसी असतो, मऊ सोफा असतो आणि नीट बसायच्या आत कोणीतरी अदबीनं विचारतं, "सर, कॅपुचिनो की लाटे?" मागच्या महिन्यात मामा-मामींबरोबर अशी दोन ऑफिसं फिरले. दुसऱ्या ठिकाणी कप रिकामा होईपर्यंत टू बीएचकेचं बोलणं थ्री बीएचकेवर पोहोचलं होतं आणि मामा काचेच्या पेटीतल्या मॉडेलमधल्या बागेबद्दल असे बोलत होते, जणू रोज सकाळी तिथेच फिरायला जातात. मामींनी कॉफी घेतली नव्हती. त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "अहो, आधी घरी जाऊन बोलू."

लगेच कॉफीला दोष देऊ नका. सेल्समन हुशार होता आणि मामा मुळातच उत्साही. पण खरेदीच्या आधी दिलेल्या कॉफीनं खर्च वाढतो का, हा प्रश्न काही संशोधकांनी चक्क दुकानात उभं राहून तपासला आहे. साउथ फ्लोरिडा विद्यापीठातले प्राध्यापक दीपायन बिस्वास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्रान्स आणि स्पेनमधल्या दुकानांच्या दाराशी एस्प्रेसोचं मशीन ठेवलं. आत येणाऱ्या ३०० हून अधिक गिऱ्हाइकांना फुकट कप दिला. साधारण निम्म्यांच्या कपात १०० मिलिग्रॅमच्या आसपास कॅफिन होतं. बाकीच्यांना कॅफिन काढलेली कॉफी किंवा पाणी मिळालं. बाहेर पडताना सगळ्यांची बिलं बघितली. कॅफिन घेतलेल्यांनी सुमारे ५० टक्के जास्त पैसे खर्च केले होते आणि वस्तूही जवळजवळ ३० टक्के जास्त घेतल्या होत्या.

यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट पुढे आहे. वही, स्वयंपाकघरातली भांडी अशा कामाच्या वस्तूंमध्ये फारसा फरक पडला नाही. फरक पडला तो सुगंधी मेणबत्त्या, अत्तरं अशा वस्तूंमध्ये. म्हणजे कॉफी पिऊन कोणी जास्त कुकर घेत नाही. "असू दे, छान दिसतंय" या खात्यातली खरेदी वाढते. तुमच्या घरातल्या कपाटात असं खातं किती मोठं आहे, ते तुम्हीच बघा.

आता हे कसं होतं, ते थोडक्यात. आपण जागे असतो तसतसं मेंदूत ॲडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं. ते मेंदूतल्या ठरावीक जागांवर जाऊन बसलं की आपल्याला थकवा जाणवतो, झोप येते. कॅफिनची घडण ॲडेनोसिनशी मिळतीजुळती आहे, म्हणून ते त्याच जागा आधी अडवतं. गावाला जाताना एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकायचो ना, तसंच. सीट रिकामी दिसते, पण बसता येत नाही. मात्र चढलेले प्रवासी उतरून गेलेले नसतात, ते मधल्या जागेत उभेच असतात आणि पुढच्या प्रत्येक स्टॉपला गर्दी वाढत असते. चार-पाच तासांनी रुमाल सरकायला लागला की सगळे एकदम बसतात. संध्याकाळी सहा वाजता ऑफिसात अचानक अंगातलं त्राण जातं, ते यामुळे.

या रुमालाचा आणखी एक परिणाम होतो. ॲडेनोसिनचा लगाम सैल झाला की डोपामिनच्या कामाला जरा मोकळीक मिळते. डोपामिन म्हणजे "हे मिळालं तर मजा येईल" या ओढीशी जोडलेलं रसायन. त्यामुळे समोरचं बक्षीस थोडं जास्त चमकदार दिसतं. धोका कमी झालेला नसतो, आपलं लक्ष बक्षिसाकडे जास्त गेलेलं असतं.

इथवर वाचून चहाचा कप बाजूला ठेवला असेल तर परत उचला. कारण गोष्ट एवढी सरळ नाही.

पंचाहत्तर तास जागे

अमेरिकेतल्या वॉल्टर रीड आर्मी इन्स्टिट्यूट ऑफ रिसर्चमध्ये विल्यम किलगोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी माणसांना ७५ तास जागं ठेवलं. तीन दिवस, तीन रात्री. काहींना रात्रभर दर दोन तासांनी २०० मिलिग्रॅम कॅफिनचं च्युइंगगम दिलं, असं चार वेळा, बाकीच्यांना बिनकॅफिनचं. मग त्यांना कॉम्प्युटरवर फुगा फुगवायचा खेळ दिला. फुगा जितका मोठा, तितके पैसे जास्त, पण फुटला की त्या फुग्याचे सगळे गेले. कधी थांबायचं, एवढाच प्रश्न. ७५ तासांनंतर बिनकॅफिनवाले आधीपेक्षा जास्त धोका घ्यायला लागले होते. कॅफिनवाले मात्र झोप झालेली असताना जसे खेळले होते, साधारण तसेच खेळले. म्हणजे इथे कॅफिननं माणसाला बेफिकीर होण्यापासून वाचवलं.

पण याच मंडळींचा दुसरा प्रयोग वाचला की चित्र बदलतं. त्यात पत्त्यांचे चार गठ्ठे होते. दोन गठ्ठ्यांत मोठी बक्षिसं आणि त्याहून मोठे फटके, म्हणजे शेवटी तोटाच. उरलेल्या दोन गठ्ठ्यांत लहान बक्षिसं, लहान फटके, पण शेवटी फायदा. कोणता गठ्ठा कसा, हे कोणी सांगत नाही. पत्ते उचलत, फटके खात शिकायचं. झोप झालेला माणूस थोड्या वेळात ओळखतो आणि वाईट गठ्ठे सोडतो. तीन रात्री जागलेली माणसं मात्र मोठ्या बक्षिसाच्या गठ्ठ्यांकडे ओढली गेली. आणि इथे कॅफिनचा काहीच उपयोग झाला नाही. घेतलेले आणि न घेतलेले सारखेच.

माझ्या मते सगळा विषय या दोन खेळांच्या मधल्या फटीत आहे. आपल्या भाषेत जाग आणि भान असे दोन वेगळे शब्द आहेत. फुग्याच्या खेळाला जाग पुरते: फुगा डोळ्यांसमोर मोठा होतोय, थांब. पत्त्यांच्या खेळाला भान लागतं: मागच्या वेळी काय झालं, त्याआधी काय झालं, मग आता काय करू. कॅफिन जाग आणतं. भान झोपेतूनच येतं. आणि गंमत अशी की जाग आली की माणसाला वाटतं, भानही आलं.

गुरुग्राममध्ये राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. उद्योग विहार आणि सायबर सिटीतल्या कितीतरी ऑफिसांची घड्याळं न्यूयॉर्कच्या वेळेवर चालतात. रात्री दोनला इथल्या टपरीवर जेवढे लोक चहा पीत असतात, तेवढे आमच्याकडे नाशिकला संध्याकाळी सातलाही नसतात. पहाटे चारला शिफ्ट सुटते, कॅब पाचला घरी सोडते आणि यातली काही मुलं न झोपता, आणखी एक कडक कॉफी घेऊन सव्वानऊची वाट बघतात. कारण सव्वानऊला शेअर बाजार उघडतो आणि फोनमध्ये ऑप्शन्सचं ॲप असतं.

सेबीनं सप्टेंबर २०२४मध्ये फ्युचर्स-ऑप्शन्सबद्दलचा अभ्यास जाहीर केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एक कोटीहून जास्त वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्के तोट्यात होते. सरासरी तोटा माणशी सुमारे २ लाख रुपये, सगळ्यांचा मिळून १.८ लाख कोटींहून अधिक. २०२३-२४मध्ये या ट्रेडर्सपैकी ४३ टक्के तिशीच्या आतले होते. आणि लागोपाठ तोटा होऊनही तोट्यातल्या ७५ टक्क्यांहून जास्त लोकांनी ट्रेडिंग सुरूच ठेवलं.

सेबीच्या अभ्यासात कॉफीचा उल्लेख नाही आणि हा तोटा कॉफीनं झाला असं मी म्हणत नाही. बाजारात बुडण्यासाठी झोप उडालेली असावीच लागते असंही नाही, भरपूर झोपलेले लोकही बुडतात. पण तो शेवटचा आकडा वाचताना मला पत्त्यांचे गठ्ठे आठवतात. फटके बसताहेत आणि हात पुन्हा त्याच गठ्ठ्याकडे जातोय. रात्रभर जागलेल्या माणसानं कॉफीच्या भरवशावर असा खेळ खेळू नये, एवढं म्हणायला मला आणखी पुरावा नको. तुमच्या घरात असा मुलगा किंवा मुलगी असेल, तर "कॉफी कमी पी" म्हणण्यापेक्षा "आधी झोप, मग बाजार बघ" हे जास्त उपयोगाचं.

रात्रीचा कप वेगळा

पिकलेल्या केळ्यांभोवती घोंघावणारी चिलटं तुम्ही पाहिली असतील. विज्ञानात त्यांना मोठा मान आहे. २०२५मध्ये एल पासो इथल्या टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी या चिलटांना कॅफिन दिलं आणि मग त्यांच्यावर जोराचा वारा सोडला. जोराचा वारा लागला की चिलट एरवी जागच्या जागी थांबतं, ती त्याची शहाणी सवय. रात्री कॅफिन मिळालेली चिलटं मात्र थांबेनात, वाऱ्यातही हालचाल करत राहिली. तेवढंच कॅफिन दिवसा दिल्यावर हा बेफिकीरपणा दिसला नाही. आणखी एक निरीक्षण असं की शरीरात कॅफिनचं प्रमाण सारखं असूनही माद्यांमध्ये हा परिणाम जास्त होता.

चिलट म्हणजे माणूस नव्हे, हे मान्य. मामा तर नक्कीच नव्हेत. तरी "किती प्यायलो" याच्या जोडीला "कधी प्यायलो" हाही प्रश्न विचारायला हवा, एवढं यातून कळतं. शिवाय रात्रीच्या कपाचं कर्ज दुसऱ्या दिवशीच्या निर्णयांवर चढतं. २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात झोपायच्या सहा तास आधी घेतलेल्या ४०० मिलिग्रॅम कॅफिननंही झोप तासाभराहून जास्त कमी झाली होती. ४०० मिलिग्रॅम म्हणजे बरंच झालं, पण सहा तास म्हणजेही बराच वेळ. प्रौढ माणसाच्या शरीरातून निम्मं कॅफिन जायला साधारण पाच तास लागतात. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर हा वेळ जवळपास दुप्पट होतो आणि गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत त्याहूनही वाढतो. एकाच घरात, एकाच किटलीतला चहा सासऱ्यांना झोपू देतो आणि सूनबाईंना देत नाही, यात नखरा नाही.

घरातल्या कपांचा हिशोबही सांगून टाकते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४च्या आहारसूचनांनुसार १५० मिली फिल्टर कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम कॅफिन असतं, इन्स्टंटमध्ये ५० ते ६५, चहात ३० ते ६५. दिवसाची मर्यादा ३०० मिलिग्रॅम. जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा-कॉफी टाळा असंही त्या सांगतात, कारण अन्नातलं लोह शरीरात नीट शोषलं जात नाही. म्हणजे सकाळचा, अकराचा, चारचा आणि पाहुणे आले म्हणून घेतलेला असे चार कप चहाचे झाले तरी आपण बहुधा मर्यादेतच असतो. चहावाल्या घरांनी फार घाबरायचं कारण नाही. तसं चहामुळे धोका पत्करल्याचं आपलं सर्वांत गाजलेलं प्रकरण पुण्याचंच आहे. १८९०मध्ये पंचहौद मिशनमध्ये न्यायमूर्ती रानडे, टिळक, गोखले अशा मंडळींपुढे चहा आला. तो घेतल्याच्या आरोपावरून नावं वर्तमानपत्रात छापली गेली आणि वाद शंकराचार्यांपर्यंत जाऊन प्रायश्चित्तावर आला. पण तो धोका कॅफिनचा नव्हता, समाजाचा होता.

मुलांच्या बाबतीत मात्र मी एवढी सैल नाही. एनर्जी ड्रिंकचे रंगीत कॅन आता शाळेशेजारच्या दुकानात वेफर्सच्या बाजूला असतात. आपल्या देशात अशा पेयांत लिटरमागे १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफिन चालतं आणि ती मुलांसाठी, गरोदर किंवा स्तनपान करणाऱ्या स्त्रियांसाठी नाहीत, असं कॅनवर छापावं लागतं. बारीक अक्षरात, अर्थात. आता गणित करा. युरोपीय अन्न सुरक्षा संस्थेनं मुलांसाठी दिवसाला वजनाच्या किलोमागे ३ मिलिग्रॅम ही सुरक्षित पातळी धरली आहे. २५ किलोच्या मुलाला ७५ मिलिग्रॅम. २५० मिलीच्या कॅनमध्ये वरच्या मर्यादेनं बरोबर तेवढंच. तिसरी-चौथीतल्या मुलाचा दिवसभराचा कोटा एका कॅनमध्ये संपला, आणि कोल्ड्रिंक, चॉकलेट, आजीनं प्रेमानं दिलेला अर्धा कप चहा अजून मोजायचाय. जुलै २०२४मध्ये महाराष्ट्राचे तेव्हाचे अन्न व औषध प्रशासन मंत्री धर्मरावबाबा आत्राम यांनी शाळांच्या ५०० मीटर परिसरात जास्त कॅफिनच्या एनर्जी ड्रिंक्सच्या विक्रीवर बंदी आणणार असल्याचं विधान परिषदेत सांगितलं होतं. तुमच्या मुलांच्या शाळेजवळ काय परिस्थिती आहे, ते येता-जाता एकदा बघा.

मोठ्या मुलांचा प्रश्न परीक्षेच्या रात्रीचा. नीटच्या पेपरात बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं तर एक वजा. न येणारा प्रश्न सोडायचा की अंदाज मारायचा, हा दर पाचव्या मिनिटाला घ्यायचा निर्णय असतो आणि तो अगदी त्या पत्त्यांच्या खेळासारखा आहे. रात्रभर कॉफी पिऊन केलेली उजळणी दोन-चार सूत्रं देईल, पण कुठे थांबायचं हे ठरवणारं डोकं अर्धं झोपलेलं असेल. आईबाबांनो, अशा रात्री दारावर टकटक करून कॉफी नेऊन देण्यापेक्षा दिवा बंद करायला जा.

आणि कॉलेज-नोकरीतल्या वाचकांसाठी, आई-वडिलांच्या नजरेआड: दारूत एनर्जी ड्रिंक मिसळायची फॅशन इथल्या सेक्टर २९च्या पबांपासून पुण्यापर्यंत आहे. ब्राझीलमध्ये २००६च्या एका अभ्यासात असं मिश्रण घेतलेल्यांना आपण कमी झिंगलोय असं वाटलं. प्रत्यक्ष चाचणीत त्यांच्या हालचाली तेवढ्याच बिघडलेल्या होत्या, जेवढ्या नुसत्या दारूनं बिघडतात. नोव्हेंबर २०१०मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं कॅफिन घातलेली दारू विकणाऱ्या चार कंपन्यांना इशारा दिला. झिंगलेला माणूस एक वेळ गाडीच्या किल्ल्या देतो; झिंगलो नाही असं वाटणारा देत नाही.

किल्ल्यांवरून आठवलं. सोहन्यापासून दिल्ली-मुंबई एक्सप्रेसवे सुरू झाल्यापासून गुरुग्रामचे लोक जेवण झाल्यावर "चला जयपूर" म्हणतात. महाराष्ट्रात समृद्धी महामार्ग जून २०२५मध्ये पूर्ण खुला झाला, ७०१ किलोमीटर, जवळजवळ सरळ. अशा रस्त्यावर पेंग येते तेव्हा "एक चहा मारू आणि निघू" हा निर्णय पेंगलेलं डोकंच घेत असतं. ब्रिटनच्या लफबरो विद्यापीठात जिम हॉर्न आणि लुईस रेनर यांनी १९९०च्या दशकात पेंगलेल्या चालकांवर प्रयोग केले. त्यांचा उपाय सोपा आहे: कॉफी प्या आणि लगेच गाडी काढू नका, सीट मागे करून पंधरा मिनिटं डोळे मिटा. कॅफिनचा परिणाम सुरू व्हायला वीसेक मिनिटं लागतातच, तेवढ्यात डुलकीही होते. शेजारी बसलेल्यांनी या पंधरा मिनिटांत घड्याळ दाखवायचं नाही. आणि रात्र जागून निघाला असाल, तर हे पुरेसं नाही. तेव्हा गाडी दुसऱ्याला द्या किंवा मुक्काम करा.

माझी स्वतःची सोय साधी आहे. रात्री अकरानंतर जे घ्यावंसं वाटेल ते कार्टमध्ये टाकते आणि पैसे सकाळी भरते. निम्म्या वस्तू सकाळी ओळखीच्याही वाटत नाहीत. राजीनाम्याचे मेल, नातेवाइकांच्या ग्रुपवरची सडेतोड उत्तरं, क्रेडिट कार्डाचे ईएमआय यांनाही हाच नियम लावून बघा. सेल्स ऑफिसात कॉफी जरूर घ्या, ती चांगली असते. फक्त चेकबुक घरी ठेवा आणि यूपीआयची मर्यादा आधीच कमी करून जा. मामींनी तेच केलं होतं, हे मला नंतर कळलं.

हे वाचून कोणी उद्यापासून कॅफिन एकदम बंद करणार असेल, तर जरा थांबा. रोजची सवय अचानक तोडली की १२ ते २४ तासांत डोकं दुखायला लागतं, चिडचिड होते, लक्ष लागत नाही आणि दुसऱ्या दिवशी हे सगळं शिगेला असतं. दर तीन-चार दिवसांनी अर्धा कप कमी करत या, आधी संध्याकाळचा, मग दुपारचा. आणि घरात बोर्डाची परीक्षा, लग्नाची बोलणी किंवा घराचं रजिस्ट्रेशन असेल, तर त्या आठवड्यात सुरुवात नको.